शाळेचें संकेतस्थळ : स्थिर कीं चल ?

"तुमच्या शाळेचें संकेतस्थळ आहे काय ?" हा प्रश्न हल्लीं पालकांच्या तोंडीं वरचेवर येतो. पूर्वीं शाळेची पारख तिच्या निकालावरून व शिक्षकांवरून होत असे. आतां कित्येक पालक शाळेच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं मोबाइलवर तिचें नांव शोधून पाहतात. तेव्हां संकेतस्थळ असावें, याविषयीं वाद उरलेला नाहीं. वाद पुढल्या पायरीवर आहे. काम सांगावयास गेलें कीं जाणते लोक विचारतात, "स्थिर हवें कीं सीएमएसवर चालणारें ?" येथें मंडळी गोंधळतात, आणि ज्याचा दर कमी किंवा ज्याचा डौल मोठा त्याच्या हातीं काम देऊन मोकळीं होतात. वस्तुतः ही निवड थोड्या विचारानें कोणासही करतां येण्यासारखी आहे. म्हणून तिचें मर्म विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय तें पाहूं. इंटरनेटला जोडलेला व रात्रंदिवस चालू असलेला एक संगणक कोठेंतरी असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. आपण मोबाइलवर एखादा पत्ता लिहिला म्हणजे आपला ब्राउझर त्या सर्व्हरकडे पान मागतो, व सर्व्हर तें पाठवून देतो. सर्व्हर हें पान कोठून आणतो, यांतच सारा भेद आहे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें सर्न या युरोपांतील संशोधनसंस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ उभारलें. 1991 मध्यें तें बाहेरच्या लोकांस खुलें झालें. पान आधींच लिहून ठेवावें आणि मागणारा आला कीं तें जसेंच्या तसें त्याच्या हातीं द्यावें, अशी ती साधी रीत होती. हेंच स्थिर संकेतस्थळ. दुसऱ्या प्रकारांत पान आधीं तयार नसतें. मजकूर डेटाबेस नांवाच्या कोठारांत असतो, पानाचा सांचा निराळा असतो. मागणी येतांच एक प्रोग्राम कोठारांतून मजकूर काढतो, सांच्यांत बसवितो आणि पान पाठवितो. या व्यवस्थेस आशय-व्यवस्थापन प्रणाली, अर्थात् सीएमएस, असें म्हणतात. तिच्यांत वर्डप्रेस ही सर्वांत प्रसिद्ध. मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं ती 27 मे 2003 रोजीं प्रसिद्ध केली, आणि आज जगांतील शेंकडा 40 हून अधिक संकेतस्थळें तिच्यावर चालतात.

हा भेद मनांत ठसण्यास आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्कीकडे पाहावें. 18 व्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं ती उभी राहिली. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांनीं जमिनीखालून आणावें, उंच भिंतीवर चढवावें आणि त्याच्या धारेनें जातें फिरवून तेथें उतरणाऱ्या लोकांसाठीं धान्य दळावें, अशी ती योजना. सीएमएस ही अशीच पाणचक्की होय. हवें तें धान्य टाकावें, ताजें पीठ घ्यावें. परंतु झरा, नळ, भिंत, चक्र व जातें हीं सर्व नीट असलीं तरच पीठ मिळणार. एक नळ तुंबला तरी जातें थांबणार. स्थिर संकेतस्थळ म्हणजे आधींच दळून डब्यांत भरलेलें पीठ. त्यांत ताजेपणा तितकासा नाहीं; पण पाणी आटलें म्हणून कोणी उपाशी राहत नाहीं.

आतां दोहोंचे गुणदोष पाहूं. सीएमएसचा मोठा गुण असा कीं, एचटीएमएल या खुणांच्या भाषेचें ज्ञान नसलेले शिक्षकही स्वतः सूचना लिहून प्रसिद्ध करूं शकतात. चित्रकलेच्या शिक्षकांनीं प्रदर्शनाची वार्ता लिहावी, मुख्याध्यापकांनीं ती तपासावी व मग ती झळकावी, अशी अधिकारांची वांटणीही तींत करतां येते. मराठींत लिहिण्याचीही सोय आहे. रोज कांहींना कांहीं नवें सांगावयाचें असेल, व सांगणारे अनेक असतील, तर हिच्यासारखी सोय नाहीं.

परंतु हिला राखण लागते. प्रोग्राममधील चुका वेळोवेळीं उघड होतात, आणि त्यांची दुरुस्त आवृत्ति निघते. ती वेळेवर न बसविणें म्हणजे कडी मोडल्याचें गांवभर झाल्यावरही दार तसेंच ठेवणें होय. 26 जानेवारी 2017 रोजीं वर्डप्रेसची 4.7.2 ही आवृत्ति निघाली. कोणाही परक्यास पासवर्डावांचून पानावरील मजकूर बदलतां येईल, असा एक दोष तिच्यांत दूर केला होता. ज्यांचीं संकेतस्थळें आपोआप अद्ययावत झालीं ते बचावले. ज्यांनीं दुर्लक्ष केलें त्यांच्या पानांवर थोड्याच दिवसांत उपद्रवी लोकांनीं आपलीं नांवें लिहून ठेविलीं. अशीं पानें दहा लाखांहून अधिक भरलीं. दोष प्रणालीचा होता खरा, पण त्यावरील औषध आधींच मोफत मिळत होतें. हानि झाली ती देखरेखीच्या अभावीं.

स्थिर संकेतस्थळांत डेटाबेस नाहीं, मागणीच्या वेळीं चालणारा प्रोग्राम नाहीं. त्यामुळें मोडण्यासारखें व चोरण्यासारखें फार थोडें उरतें. पान हलकें असल्यानें खेड्यांतील मंद नेटवर्कवरही तें लवकर उघडतें. निकालाच्या दिवशीं शेंकडों पालक एकदम आले तरी तयार पान वांटण्यास सर्व्हरला श्रम पडत नाहींत. खर्चही अल्प. याचा दोष मात्र उघड आहे. शाळेचा दूरध्वनि बदलला आणि तो चाळीस पानांवर छापलेला असला, तर चाळीस पानें हातानें दुरुस्त करावीं लागतात. आणि जाणता मनुष्य गांवीं गेला तर साधी सुटीची सूचनाही अडून राहते. यावर मधला मार्ग निघाला आहे. मजकूर साध्या फायलींत लिहावा, आणि सगळीं पानें एका आज्ञेसरशीं यंत्राकडून पुन्हां तयार करून घ्यावीं. 2008 मध्यें निघालेलें जेकिल हें अशा साधनांपैकीं एक. तरी तें चालविण्यासही थोडें शिक्षण लागतेंच.

ग्रंथांच्या जगांतही हाच भेद दिसतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्यें निघाला. छापलेल्या खंडांतील अक्षर आपोआप बदलत नाहीं, आणि कपाटांत तो वर्षानुवर्षें राखणीवांचून राहतो. उलट मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. तेथील लेख कोणीही केव्हांही सुधारूं शकतो. परंतु जो सुधारूं शकतो तो बिघडवूंही शकतो. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते, आणि नव्या बदलांवर स्वयंसेवकांना नजर ठेवावी लागते. बदलणाऱ्या वस्तूला पहारेकरी लागतो, हा नियम येथें स्पष्ट होतो.

मग शाळेनें काय करावें ? आमच्या मतें प्रथम एक कागद घेऊन दोन रकाने पाडावे. शाळेचा इतिहास, पत्ता, प्रवेशाचे नियम, गणवेश, वार्षिक अंकाचे जुने भाग हीं वर्षांतून एकदां बदलणारीं प्रकरणें पहिल्यांत लिहावीं. आठवड्यांतून एकदां किंवा अधिक वेळां बदलणारीं दुसऱ्यांत. दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, तर स्थिर संकेतस्थळच बरें. तो भरला, तर आणखी चार प्रश्न विचारावे. दर आठवड्यास लिहिणार कोण ? नवी आवृत्ति बसविणार कोण ? सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे जपून ठेवणार कोण ? आणि ते शिक्षक निवृत्त झाले किंवा त्यांची बदली झाली, तर किल्ल्या कोणाच्या हातीं जाणार ? या चारही प्रश्नांपुढें मनुष्यांचीं नांवें लिहितां आलीं, तर सीएमएस खुशाल घ्यावी. एकाही जागीं "पुढें पाहूं" असें लिहावें लागलें, तर घेऊं नये. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचें नांव, हें मात्र कोणत्याही प्रकारांत शाळेच्याच नांवें नोंदलेलें असावें. करून देणाऱ्याच्या नांवें नव्हे.

पालकांच्या दृष्टीनें एक गोष्ट सर्वांहून महत्त्वाची आहे. प्रवेशाचा अर्ज संकेतस्थळावर भरून घेतला म्हणजे मुलांचीं नांवें, जन्मतारखा व घरचे पत्ते डेटाबेसांत सांठतात. सांठलेल्या गोष्टीची जबाबदारी सांठविणारावर येते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानें 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. ज्या शाळेस अशा कोठाराची राखण झेपत नाहीं, तिनें अर्जाचा छापील नमुना संकेतस्थळावर ठेवावा आणि भरलेला अर्ज कार्यालयांत घ्यावा. त्यांत मागासलेपण कांहींच नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, एचटीएमएलचें एक लहानसें पान एका दुपारीं स्वतः लिहून पाहावें. पान कसें तयार होतें हें ज्यानें एकदां पाहिलें, तो पुढें डौलास भुलत नाहीं.

प्रभूनें विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टांत सांगितला, त्यांत धनी दूर असतांही काम नीट चालविणाऱ्याचीच वाखाणणी आहे. संकेतस्थळाचेंही असेंच आहे. उद्घाटनाच्या दिवशीं फीत सारेच कापतात. तिसऱ्या वर्षीं, कोणी पाहत नसतां, जुनी सूचना काढून टाकणारा व नवी आवृत्ति बसविणारा विरळा. असा कारभारी शाळेंत असेल तर चल संकेतस्थळ शोभेल. तो मिळेपर्यंत, थोडीं पण खरीं पानें स्थिर ठेवणें हेंच शहाणपणाचें होय.