जुनी बाइक किक मारूनही चालू होईना? दोष करंटचा की कार्बोरेटरचा, असा ओळखा

सकाळची वेळ. कामावर जायची घाई. अंगणातली जुनी स्प्लेंडर, नाहीतर वडिलांच्या काळातली बुलेट. वीस किक मारून झाल्या तरी गाडी नुसतं भक् करते आणि गप्प बसते. मग शेजारचा म्हणतो, "कार्बोरेटर साफ कर." दुसरा म्हणतो, "सीडीआय गेला असणार." गॅरेजवर गेल्यावर प्लग, कॉइल, कार्बोरेटर असं एकेक बदलत जातं, बिल वाढतं आणि आठवड्याने गाडी परत तिथेच.

खरं तर पेट्रोलच्या इंजिनाला चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते पेटवायला वेळेवर ठिणगी आणि ते दाबायला कॉम्प्रेशन. किक मारताना पायाला नेहमीसारखा जोर लागत असेल तर कॉम्प्रेशन बहुतेक ठीक आहे. राहिले दोन संशयित, करंट आणि पेट्रोल.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा? भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या बाइकमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. नवीन गाडीचा दोष स्कॅनर लावला की कळतो. पण १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर असो किंवा कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, या गाड्यांना स्कॅनर लागत नाही. तिथे दोष डोक्यानेच शोधावा लागतो.

आधी फुकटातल्या गोष्टी

किल स्विच चुकून बंद आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, की टाकी रिझर्व्हला आली आहे? चोक ओढलेला राहिलाय का? हसू येईल, पण ढकलत गॅरेजवर आणलेल्या गाडीचा दोष कधी कधी इथेच सापडतो.

प्लग सगळं सांगतो

दहा-बारा किक मारल्यावर प्लग काढून बघा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. दोष कार्बोरेटरकडे.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. आधी करंट तपासा. करंट चांगला असेल तर पेट्रोल जास्त झालंय.

गाडी चालते पण त्रास देते, अशा वेळी प्लगचा रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. फोर-स्ट्रोक गाडीचा प्लग तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघू शकतं. तिथे कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही.

करंट कसा बघायचा?

प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवा आणि किक मारा. टक् आवाज करणारी निळसर ठिणगी दिसली तर करंट चांगला. पिवळी, मरतुकडी दिसली तर कमजोर.

इथे एक काळजी घ्यायलाच हवी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने ती पेट घेऊ शकते. त्यामुळे भोक कापडाने बंद करा, प्लग भोकापासून लांब धरा, धातूला हात लावू नका. प्लग न टेकवता किक मारत राहिलं तर कॉइल आणि सीडीआयही खराब होऊ शकतात.

करंट नसेल तर स्वस्तापासून महागाकडे जायचं. आधी नवीन प्लग. मग प्लग कॅप. पावसाळ्यात कॅपमध्ये ओल शिरते आणि करंट तिथेच मरतो. त्यानंतर कॉइलची वायर आणि स्विचकडे जाणारी वायरिंग. बऱ्याच जुन्या सीडीआय गाड्यांत चावी बंद केली की एक वायर अर्थ होते. तीच वायर हँडलखाली घासून चेसिसला लागली, तर चावी चालू असूनही गाडी बंदच राहते. हे सगळं बघून झाल्यावरच सीडीआय. तो उघडून दुरुस्त होत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा तसाच चालू सीडीआय लावून बघणं हाच सोपा उपाय.

जुन्या बुलेटमध्ये सीडीआयऐवजी पॉइंट असतात. पॉइंट उघडले की कॉइलचा करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. ही फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलीमीटर लागते. पॉइंट वारंवार काळे पडत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. बॅटरी उतरली असेल तरी ठिणगी कमजोर पडते.

कार्बोरेटर कुठे अडतो?

कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करा. पेट्रोल आलं नाही तर कॉक, पाइप किंवा आतली फ्लोटची निडल अडकली आहे. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकीत पाणी आहे.

गाडी फक्त चोकवर चालते आणि आयडलला बंद पडते? पायलट जेट तुंबलाय. आयडल ठीक आहे, पण फुल रेस दिल्यावर गुदमरते? मेन जेट बघा किंवा पेट्रोल कमी येतंय का ते बघा. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? फ्लोटच्या निडलखाली कचरा आहे. रेस सोडल्यावरही इंजिनाचा आवाज पटकन खाली येत नाही? कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला चीर पडून हवा शिरत असेल.

जेट साफ करायला तार घालू नका. पितळेचं भोक जरा जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं आणि अॅव्हरेज पडतं. क्लीनर स्प्रे आणि हवेचा प्रेशर पुरतो. एअर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे उघडा होता, ते मोजून ठेवा.

जेट तुंबतात कशाने? गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या भागांना त्रास देऊ शकतं. म्हणून जुनी गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवलेलं बरं.

सगळ्यात फसवा दोष

गाडी थंड असताना झकास चालते, काही किलोमीटरवर बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू. याची दोन कारणं नेहमी आढळतात. गरम झाल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजल्यामुळे पेट्रोल खाली उतरत नाही.

ओळखायचं कसं? गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली तर दोष झाकणात. झाकण उघडूनही फरक पडला नाही तर तिथेच, गरम इंजिनावर प्लग काढून करंट तपासा. थंड झाल्यावर गॅरेजवर नेली तर करंट चांगलाच दिसेल आणि मेकॅनिक उगाच कार्बोरेटर खोलेल.

गॅरेजवर जावंच लागलं तर नुसतं "गाडी चालू होत नाही" असं सांगू नका. प्लग ओला होता की कोरडा, करंट निळा होता की पिवळा, गाडी थंडीत बंद पडते की गरम झाल्यावर, एवढं सांगा. चांगला मेकॅनिक पहिल्यांदा हेच विचारतो. आणि जुना पार्ट बदलला तर तो परत मागून घ्या.