गोटमारीच्या दुसऱ्या दिवसाची ओपीडी

गेल्या भागात दवाखान्यातली रांग रुग्णाच्या बाजूने पाहिली. आज टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे बघू.

पोळ्याच्या करीला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा एका काठाला, सावरगाव दुसऱ्या काठाला, अशी गोटमार, म्हणजे दगडफेक, सुरू होते. शेकडो माणसं जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. गोटमार बंद व्हावी की नाही, या वादात आज शिरत नाही. माझं लक्ष टाके घालणाऱ्याकडे आहे. कपाळ फुटलेला पोरगा समोर बसतो. दगड नदीतला, म्हणून जखमेत वाळू. ती सलाईनने नीट धुतल्याशिवाय टाका घालायचा नाही, नाहीतर आठ दिवसांनी तोच पोरगा पू घेऊन येतो. मग भुलीचं इंजेक्शन, टाके, धनुर्वाताची सुई, आणि पुढचा. डोळ्याला लागलेला किंवा डोक्याला खोल मार बसलेला असेल तर गाडी नागपूरच्या रस्त्याला.

एवढं होऊनही त्या एका दिवसाने डॉक्टर मोडत नाही, असं माझं मत आहे. तारीख पंचांगात आधीच छापलेली असते. मंडप पडतात, अँब्युलन्स उभ्या राहतात, बाहेरून डॉक्टर आणि नर्सेस मागवतात. शेजारी दुसरा कोणी टाके घालत असतो, त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात. केलेलं काम डोळ्यांना दिसतं. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी झेंडा मंदिरात जातो किंवा समझोता होतो, आणि दिवस संपतो.

दुसऱ्या दिवशी मंडप निघतो, मागवलेली माणसं परत जातात, ओपीडी मात्र वेळेवर उघडते. तापाचे, खोकल्याचे, बीपीच्या गोळ्यांचे रुग्ण. मध्येच कॅज्युअल्टीत संत्र्याच्या बागेतून सर्पदंश आलेला. एक बाळंतपण अडलेलं. पोस्टमॉर्टेमसाठी पोलीस दारात. फिटनेस सर्टिफिकेट हवं असलेला तरुण तासभर ताटकळलेला. कोर्टाचा समन्स, वरून आलेली व्हिडिओ कॉन्फरन्स, पोर्टलवर भरायचे आकडे. यातलं एकेक काम कोणाला जड नाही. पण सगळी एकाच माणसाकडे, एकाच वेळी येतात, आणि कुठलं आधी करायचं हे त्याच्या हातात नसतं. पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये नवा जिल्हा झाला. जिल्ह्याची पाटी एका दिवसात बदलते, तज्ज्ञ डॉक्टर एका दिवसात येत नाहीत.

सीमेवरच्या गावाचा आणखी एक ताण आहे, जो भोपाळच्या कागदावर दिसत नाही. सरकारी वाट छिंदवाड्याकडे जाते, तिथे 2019 पासून मेडिकल कॉलेजही आहे. माणसांची ओढ मात्र नागपूरकडे. 'डॉक्टरसाहेब, इथंच होईल का नागपूरले नेऊ?' या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत द्यायचं असतं. पाठवलं तर जबाबदारी झटकली, ठेवलं आणि बिघडलं तर मुद्दाम ठेवलं. रात्री झोप उडवतात ते बहुतेक हेच निर्णय.

न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये अशा सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेबद्दल लिहिलं आणि बर्नआउट हा शब्द रूढ झाला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन लक्षणं मांडली: मनाचा थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मधलं लक्षण सगळ्यात आधी नर्सला कळतं, डॉक्टरला शेवटी. 'चार नंबरच्या आजीबाई' जेव्हा नुसता 'चार नंबर' होतात, तेव्हा समजावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. मग इलाज कामाच्या ठिकाणीच शोधायला हवा. डॉक्टरांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही तेच निघालं: डॉक्टरला तणावमुक्ती शिकवण्यापेक्षा कामाची व्यवस्था बदलली तर फरक जास्त पडतो. तरी आपल्याकडे योगशिबिराचं पत्रक आधी निघतं. योगाला माझा विरोध नाही. पण ते शिबिर नाइट ड्यूटी उतरलेल्या माणसाच्या सकाळी ठेवू नये.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने 2024 मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला 74 तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. 74 तास ही सुधारणा ठरते, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना करा. आणि ही शिफारस कॉलेजातल्या शिकाऊ डॉक्टरांसाठी. तालुक्याच्या दवाखान्यातल्याचे तास कोण मोजतो?

तरीही काही गोष्टी पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणी पैशाविना होऊ शकतात. सर्टिफिकेटांची वेळ दुपारची ठरवून पाटी लावावी, म्हणजे सकाळची रांग तुटत नाही. पोर्टलचे आकडे भरायला डॉक्टर लागत नाही. नाइटनंतरची सकाळ ड्यूटीच्या तक्त्यातच सुट्टी म्हणून लिहावी, कोणाच्या मेहरबानीवर सोडू नये. रेफर करायचं की नाही, हे एकट्याने ठरवण्याऐवजी फोनवर एका सहकाऱ्याला विचारून दोघांचं मत केसपेपरवर नोंदवलं, तर नातेवाइकांसमोर उभं राहायला बळ येतं. खाली दवाखाना, वर घर असलेल्या खाजगी डॉक्टरांनी रात्रीच्या पाळ्या आपसात वाटून घ्याव्यात. 'माझा पेशंट तुझ्याकडे जाईल' ही भीती खरी आहे. पण ती वर्षातून तीनशे रात्री जागण्याइतकी मोठी आहे का, याचा हिशेब एकदा मांडावा.

राहिला प्रश्न मदत मागण्याचा. लहान गावात मानसोपचाराची चिठ्ठी औषधाच्या दुकानात नेली की संध्याकाळपर्यंत बाजारात कळतं, म्हणून डॉक्टर स्वतःच झोपेची गोळी सुरू करतो. हे धोक्याचं. नागपूरला जाऊन दाखवणं जमत नसेल, तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत आणि हिंदीत बोलता येतं. मनात मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावं, आणि त्या दिवसाची ड्यूटी दुसऱ्याने घ्यावी.

पुढच्या भागात याच दवाखान्यातल्या नर्सताई: एका वॉर्डाला एक, आणि किल्ल्याही त्यांच्याकडेच.