मुद्दाम वाकडं बांधलेलं विमान

दोन्ही पंख तंतोतंत सारखे, रडर नाकाच्या सरळ रेषेत, वजन दोन्हीकडे समान, असं मॉडेल विमान काचेच्या कपाटात शोभून दिसतं. कंट्रोल लाइनवर उडवायचं असेल तर तेच विमान जाणूनबुजून वाकडं करावं लागतं. रडर जरा बाहेर वळवलेला, इंजिनाचा रोख एक-दोन अंश बाहेर, आतला पंख बाहेरच्यापेक्षा थोडा लांब आणि बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा. एखाद्या सुताराला हे विमान दाखवलं तर तो माप चुकलं म्हणेल.

या प्रकारात रेडिओ नसतो. उडवणारा वर्तुळाच्या मध्यावर उभा राहतो. त्याच्या हातातल्या हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानापर्यंत जातात आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. तारा पंखातून आत जाऊन बेलक्रँक नावाच्या छोट्या पट्टीला जोडलेल्या असतात. मनगट वर केलं की एक तार ओढली जाते, पट्टी खिळ्याभोवती फिरते, तिच्या तिसऱ्या टोकाला जोडलेली काडी शेपटीचा एलिव्हेटर वर उचलते आणि विमान चढतं. मनगट खाली, विमान खाली. स्टंटच्या विमानात हीच पट्टी पंखामागचे फ्लॅपही हलवते. एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात, त्यामुळे पंखाची उचल वाढते आणि कोपरा काटकोनात वळता येतो.

पण तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ती ढिली पडली की हातातलं हँडल निव्वळ लाकडाचा तुकडा उरतं. म्हणून सगळा खटाटोप तार ताठ ठेवण्याचा. गोफणीतल्या दगडासारखी विमानालाही सरळ निघून जायची ओढ असते आणि तार त्याला वळवत राहते. किती जोराने? २० मीटरच्या तारांवर १.७ किलोचं विमान ५.३ सेकंदांत एक फेरी मारत असेल, म्हणजे ताशी साधारण ८५ किलोमीटर वेगाने, तर हाताला सुमारे पाच किलोंचा ताण जाणवतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट. विमान थेट डोक्यावर आलं की त्याचं वजन तारेच्या उलट काम करतं. वेग तोच राहिला तरी पाचाचे तीन किलो होतात आणि प्रत्यक्षात चढताना वेगही थोडा पडतो. ही डोक्यावरची जागा खरी कसोटीची. तिथला ताण टिकावा म्हणून रडर आणि इंजिनाचा रोख बाहेर.

आतल्या लांब पंखाचं गणित मला सगळ्यात आवडतं. वर्तुळात बाहेरच्या पंखाला जास्त अंतर कापावं लागतं. २० मीटरच्या वर्तुळात १.४ मीटर पंखविस्तार धरला, तर बाहेरचं टोक आतल्यापेक्षा सुमारे ७ टक्के वेगाने जातं. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दोन टोकांत जवळजवळ १५ टक्क्यांचा फरक. पंख सारखेच ठेवले तर बाहेरचा वर उचलला जाईल, विमान आत कलंडेल आणि तार ढिली. शिसं असतं ते आतल्या बाजूने लटकणाऱ्या तारांचं वजन तोलायला. शिवाय हवेच्या विरोधामुळे तारा सरळ न राहता मागे झुकतात, म्हणून पंखाच्या टोकातून त्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागून बाहेर काढतात.

मात्र पंखाला पीळ चालत नाही. वाकडेपणा आपण निवडलेला तेवढाच, एरवी सगळं ओळंब्यात. बाल्साच्या फळ्या घेताना जाणकार प्रत्येक फळी तराजूवर ठेवतात, कारण एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक सहज निघतो. बेलक्रँक प्लायवर पक्की बसवून, ती अडखळत नाही ना, हे पंख मढवण्याआधी बघायचं, नंतर आत बोट जात नाही. टिशू कागदावर पाणी फवारलं की वाळताना तो ढोलासारखा ताणला जातो, पण पंख सपाट पाटावर वजनाखाली दाबून ठेवला नसेल तर कागदच त्याला पिळून टाकतो.

इंजिनात मिथेनॉल आणि एरंडेल. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला बॅटरीने तापवतात, मग ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलशी होणारी उत्प्रेरक क्रिया तिला लाल ठेवते. स्टंटवाले मिश्रण मुद्दाम इंधनाने जड ठेवतात. सपाट उड्डाणात इंजिन एक आड एक फेरा पेटतं, नाक वर झालं की दर फेऱ्याला पेटून जोर लावतं.

कंट्रोल लाइनचं तंत्र लोकप्रिय केलं अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरने. १९४० मध्ये त्याचं ‘फायरबॉल’ बाजारात आलं, पुढे ‘यू-कंट्रोल’ या नावाने या तंत्राचं पेटंटही मिळालं. तीन विमानं एकदम उडवण्याचे त्याचे प्रयोग गाजले. पण १९५५ च्या खटल्यात ओबा सेंट क्लेअर या ऑरेगनच्याच माणसाने तशीच रचना आधी उडवल्याचं पुढे आलं आणि पेटंट रद्द झालं. पेटंट घेणाऱ्याचं नाव आजही जास्त घेतलं जातं, हे जरा अन्यायाचंच.

आपल्याकडे कंट्रोल लाइन टिकली ती मुख्यतः एनसीसीच्या हवाई शाखेमुळे. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात कॅडेट ती स्पर्धेत उडवतात. उडवण्याआधी हँडल हलवून एलिव्हेटर बघायचाच, कारण हँडल उलटं धरलं तर ‘वर’चा इशारा विमानाला ‘खाली’ मिळतो. विजेच्या तारांजवळ उडवायचं नाही आणि हँडलचा पट्टा मनगटात अडकवायचा. चक्कर येते का, असं सगळे विचारतात. नजर विमानावर खिळलेली असली की सहसा येत नाही.

इंधन संपलं की विमान तरंगत खाली येतं, ताण कमी होतो. उडवणारा एक-दोन पावलं मागे सरकून तार ताठ ठेवतो, हात विमानाच्या पुढे नेत त्याला थोडी ओढही देतो. वेगाच्या स्पर्धेत नेमकं हेच करायला बंदी आहे. तिथे २.५ सीसीचं इंजिन ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतं, १७.६९ मीटरच्या तारांवर नऊ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. हाताने ओढून वेग वाढवता येऊ नये म्हणून मध्यभागी खांब रोवलेला असतो आणि मोजणी चालू असेपर्यंत मनगट त्याच्या खाचेत ठेवावं लागतं.