कृष्णाकाठची वाई आणि आमच्या नद्या

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणारी कृष्णा डोंगरांची संगत सोडण्यापूर्वी ज्या गावाशी पहिल्याने मनमोकळी बोलते, ते गाव वाई. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून अवघ्या बत्तीस किलोमीटरांवर वाईस यावे, तर तेथे हजार मिलीमीटरांचीही वानवा. म्हणजे ज्या पाण्यावर हे गाव जगले ते त्याच्या माथ्यावर फारसे पडत नाही. डोंगर ते झेलतात आणि नदी ते आणून देते. डोंगर आणि नदी यांच्या या देण्याघेण्यावर वाईचा सारा संसार उभा आहे. पांडवगड आणि वैराटगड यांच्या पहाऱ्यात वसलेल्या, २०११च्या शिरगणतीनुसार सुमारे छत्तीस हजार वस्तीच्या या गावास 'दक्षिण काशी' म्हणतात. असे बिरूद आपल्या देशात अनेक गावांनी मिरविले आहे. वाईने ते कशाच्या बळावर मिरविले, आणि ते पुढे टिकावे यासाठी काय करावयास हवे, याचा विचार आम्हा गोमंतकीयांनीही करण्याजोगा आहे. कारण डोंगरातून धावत येणाऱ्या नद्यांच्या काठी आमचीही गावे वसलेली आहेत.

वाईतील बहुतेक घाट आणि देवळे पेशवाईच्या काळातील. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातील कन्या. या सोयरिकीमुळे रास्त्यांचा उत्कर्ष झाला, आणि त्या उत्कर्षाचा मोठा वाटा त्यांनी नदीकाठी दगडांत घातला. काशीविश्वेश्वराचे देऊळ आणि ढोल्या गणपतीचे देऊळ ही त्यांतील ठळक नावे. ढोल्या गणपतीची अखंड पाषाणातील भव्य मूर्ती पाहून भाविक धन्य होतात. परंतु त्या देवळाच्या मागे जाऊन भिंत पाहणारे थोडे. ही मागील भिंत सपाट नाही. नौकेच्या नाळेसारखी वा माशाच्या तोंडासारखी ती निमुळती केली आहे. पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी नदीस अडविले नाही आणि तिच्यापासून पळही काढला नाही. ती येणार हे गृहीत धरून त्यांनी तिला वाट करून दिली. आमच्या मते वाईच्या संस्कृतीचे सारे सार या एका भिंतीत आहे.

घाटांचेही तेच. पाणी उन्हाळ्यात खाली जावे, पावसाळ्यात वर चढावे. पायऱ्या मात्र प्रत्येक पातळीवर माणसास पाण्यापर्यंत पोहोचवितात. पुराच्या वेळी त्या बुडतात, पूर ओसरल्यावर गाळ धुऊन पुन्हा वापरात येतात. बुडणे हा त्यांचा पराभव नसून त्यांच्या रचनेचाच एक भाग आहे. नदीकाठी घर बांधताना उंच जोते, पात्रालगत केवळ देऊळ आणि पायऱ्या, आणि वस्ती त्यामागे, अशी ही जुनी शिस्त होती. तिच्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नव्हता. पुराच्या आठवणीच कायद्याचे काम करीत.

तीनेक किलोमीटरांवर मेणवली आहे. नाना फडणिसांचा वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि मेणेश्वर व विष्णू यांची देवळे असा हा देखणा मेळ. तेथील एका लहानशा देवळीत टांगलेली प्रचंड घंटा गोमंतकीय वाचकांनी अवश्य पाहावी. तिच्यावर बाल येशूस घेतलेल्या मेरीची आकृती असून १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तेथील ख्रिस्ती देवळांतील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतील ही एक. ज्या वसईचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चाले, तेथील घंटा कृष्णेच्या काठी महादेवाच्या सान्निध्यात नाद करू लागली. विजयाची खूण म्हणून ती आणली गेली हे खरे. परंतु तिच्यावरील मेरीची आकृती कोणी घासून काढली नाही, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या हिशेबात अशा लहान नोंदींचे मोल फार असते.

वाईचे वर्ष पंचांगापेक्षा नदीवर अधिक चालते. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो एका दिवसाचा किंवा एका देवळाचा नव्हे. गावातील सात घाट एकामागून एक तो साजरा करतात. एका घाटाचा उत्सव आटोपला की दुसऱ्याचा मांडव उभा राहतो. पालखी, कीर्तन, भजन, प्रसादाच्या पंगती यांनी नदीकाठ काही आठवडे गजबजलेला असतो. अफजलखान १६५९ साली वाईस तळ देऊन बसला, ते संकट टळावे म्हणून कृष्णामाईस बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. येथे देवता म्हणजे साक्षात नदी. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीस आला म्हणजे गंगा कृष्णेच्या भेटीस येते, या श्रद्धेने कन्यागताचे पर्व भरते. २०१६ साली ते सुरू झाले होते. पुढील कन्यागत २०२८ साली येईल. गंगेस आपल्या घरी पाहुणी म्हणून बोलाविणाऱ्या माणसांनी घर कसे ठेवले आहे, हा प्रश्न त्या वेळी पुन्हा विचारला जाणारच.

परंतु देवळे आणि उत्सव एवढ्यावरच वाई थांबली असती, तर ती अनेक क्षेत्रांपैकी एक ठरली असती. तिचे वेगळेपण विद्येत आहे. केवलानंद सरस्वती म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे यांनी येथे प्राज्ञपाठशाळा नावारूपास आणली. १९१७ साली विनोबा भावे आश्रमातून रजा घेऊन येथे आले आणि शास्त्रीबोवांपाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकले. याच पाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडविले. मीमांसाकोश आणि धर्मकोश यांसारखी जन्म खर्ची घालणारी कामे येथून उभी राहिली. पुढे मराठी विश्वकोशाचे कार्यालयही वाईतच थाटले गेले. १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि २०१५ साली विसावा. मुंबई-पुण्यापासून दूर, डोंगराच्या कुशीतील एका तालुक्याच्या गावात बसून साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचा उद्योग चालावा, ही गोष्ट केवळ कौतुकाची नाही. तिच्यात एक धोरण आहे. विद्या ही राजधानीचीच मिरास असते, या समजुतीस वाईने कृतीने उत्तर दिले.

येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. घाटांवरची जुनी व्यवस्था सर्वांस सारखी नव्हती. आळ्यांची आणि घाटांची नावे पाहिली तरी समाज कसा विभागलेला होता हे कळते. ज्या पाण्यास माता म्हटले, त्याच्या काठावरही उच्चनीचतेच्या पायऱ्या होत्या. म्हणून गतकाळाचे सरसकट गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. पण त्याच वाईतील शास्त्रार्थाच्या परंपरेतून तर्कतीर्थ उभे राहिले आणि त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात गांधीजींना धर्मशास्त्राचा आधार दाखवून दिला. परंपरेचे दोष परंपरेच्या खोल अभ्यासाने दूर करता येतात, याचे हे उदाहरण. परंपरा न वाचता तिचा जयजयकार करणाऱ्यांनी आणि न वाचताच तिचा धिक्कार करणाऱ्यांनी, दोघांनीही, ते ध्यानात ठेवावे.

आता आजची वाई. गावाच्या वरच्या अंगास धोमचे धरण झाले. त्याने शिवारे भिजविली, ऊस वाढविला, हळदीच्या आणि भाजीपाल्याच्या रानांस पाणी दिले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु नदी वर्षभर आपल्या मर्जीने वाहत होती ती आता पाटबंधाऱ्याच्या दरवाजांच्या मर्जीने वाहते. प्रवाह मंदावला की घाटापाशी पाणी साचते, आणि गावाचे सांडपाणी त्यात मिसळले की जलपर्णीस रान मोकळे मिळते. ज्या घाटावर कृष्णाबाईची पालखी उतरते, त्याच घाटाच्या कडेने गटार उतरावे, ही विसंगती वाईकरांसही सलते. तेथील नागरिक श्रमदानाने घाट आणि पात्र साफ करीत आले आहेत. मात्र श्रमदान कचरा काढू शकते, गटाराचे तोंड वळवू शकत नाही. ते काम नगरपालिकेचे आणि शासनाचे.

वाड्यांचीही तीच गत. वाटण्या झालेल्या, वारस दूरदेशी गेलेल्या, दुरुस्ती परवडत नाही अशा वाड्यांच्या जागी चौकोनी इमारती येत आहेत. त्याच वेळी चित्रपटवाल्यांना मात्र जुनी वाई हवी असते. 'गंगाजल', 'स्वदेस', 'दबंग' यांसारख्या चित्रपटांत वाई-मेणवलीचे घाट उत्तर हिंदुस्थानातील गावे बनून झळकले. त्यामुळे गावातील अनेकांस रोजगार मिळतो, ही समाधानाची बाब आहे. पण पडद्यावर दाखविण्यापुरता घाट सजवायचा आणि उरलेले वर्षभर त्याच्याकडे पाठ फिरवायची, हा व्यवहार तोट्याचाच. ज्या दगडांवर हा धंदा चालतो त्या दगडांच्या देखभालीसाठी त्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा राखून ठेवणे कठीण का असावे?

आणखी एक इशारा डोंगराने दिला आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. तरीही डोंगरउतार फोडण्याचा मोह सुटलेला नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरास चोवीस तासांत सहाशे मिलीमीटरांच्या घरात पाऊस झाला आणि सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात दरडी कोसळून माणसे दगावली. अशा पावसात माथ्यावर केलेली चूक पायथ्याच्या गावास भोगावी लागते. नदीकाठच्या गावाचे भवितव्य त्याच्या हद्दीत ठरत नाही. ते वरच्या उतारांवर ठरते.

हे सारे आम्ही गोव्यात बसून का लिहितो? साखळीकडे पाहावे. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूर, राणे घराण्याचे विठ्ठल मंदिर, जवळच हरवळ्याची लेणी आणि धबधबा. त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या नौका दिव्यांनी उजळतात तेव्हा कृष्णाबाईच्या उत्सवाचीच ती बहीण शोभते. कुंभारजुव्याचे सांगोड हाही पाण्याशी आम्ही राखलेला जिव्हाळाच. आणि त्याच साखळीची बाजारपेठ मुसळधार पावसात पाण्याखाली जाण्याचे प्रसंग आम्ही वारंवार पाहिले आहेत. भिंती बांधणे आणि पंप बसविणे हे उपाय आवश्यक असतील. पण ते रोगाच्या लक्षणांवरचे उपाय होत. वाळवंटीचे आणि म्हादईचे पाणी ज्या डोंगरांतून येते ते डोंगर उघडे पडले, पात्रालगतची सखल भूमी भरावाने उंच झाली, तर नदीने जावे कोठे? म्हादईचे पाणी वळविण्याविरुद्ध आम्ही शेजारी राज्याशी न्यायासनापुढे झगडतो, आणि ते रास्तच आहे. मात्र जे पाणी आपल्या वाट्यास आले आहे त्यात आपल्याच गटारांची तोंडे सोडून झगडण्याचा नैतिक अधिकार आपण दुबळा करीत नाही काय?

मागणी मोठी नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावाने आपली पूररेषा आखून ती खुणेच्या दगडांनी दाखवावी आणि तिच्या आत नवे बांधकाम होऊ देऊ नये. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये. जुनी घरे, तळ्या आणि घाट राखणाऱ्या मालकांस दुरुस्तीसाठी साहाय्य मिळावे. आणि विद्येच्या संस्था राजधानीतच कोंडून न ठेवता लहान गावांतही उभ्या कराव्यात. साखळीस वा वाळपईस एखादे अभ्यासपीठ का असू नये? यांतील एकाही गोष्टीस नवा शोध लागावयास नको. ढोल्या गणपतीच्या मागील भिंतीने नदीचे म्हणणे अडीच शतकांपूर्वीच ऐकून घेतले होते. आजच्या नगरपालिकांनी आणि मंत्रालयांनी तितके ऐकले, तरी पुढचा पूर आपल्या घरांतून न जाता बाजूने जाईल.