पानांच्या पिशव्या भरण्याआधी

दिवाळीच्या सुमारास ऑन्टारिओत मेपलची बहुतेक पानं गळून बॅकयार्डभर पसरलेली असतात. ती कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवण्याआधी जरा थांबा. झाडाखालचा एक कोपरा तसाच राहू द्या. तिथे ट्रिलियम लावता येईल.

मे महिन्यात इथल्या रानात फिरताना तुम्ही ते पाहिलं असेलच. बेलाची आठवण करून देणारी तीन पानं आणि मधोमध तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. जुनं होत जाईल तसं ते गुलाबी होतं. १९३७ पासून हे ऑन्टारिओ प्रांताचं अधिकृत फूल आहे.

त्याचं बी पसरवतात मुंग्या. बियांना चिकटलेल्या तेलकट गरासाठी त्या बी वारुळात नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. पुढच्या वसंतात त्याला नुसतं मूळ फुटतं, पहिलं पान त्यानंतरच्या वसंतात वर येतं. फूल यायला ७ ते १० वर्षं लागतात. आज बी रुजलं, तर बालवाडीतलं तुमचं मूल मिडल स्कूलला जाईपर्यंत वाट पाहायची!

म्हणूनच रानातलं रोप उपटून आणू नका, फूलही खुडू नका. फुलाबरोबर सहसा तिन्ही पानं तुटून येतात. कंदासाठी अन्न तयार करणारी तेवढीच पानं असतात. ती गेली की रोप कित्येक वर्षं मागे पडतं, कधी मरतंही. नर्सरीत घेताना विचारा, “हे बियांपासून इथेच वाढवलंय का?” फारच स्वस्त मिळालं, तर ते रानातून खणून आणलेलं असू शकतं.

जमीन गोठण्याआधी कंद तीन-चार इंच खोल लावा, कोंब वरच्या बाजूला ठेवा. माती भुसभुशीत आणि ओलसर हवी, पण पाणी साचायला नको. वर गळलेल्या पानांचा थर द्या. हरणं येत असतील तर जाळी लावा. उन्हाळ्याच्या शेवटी पानं पिवळी पडून नाहीशी होतात. रोप मेलं समजून खणू नका, खुणेला काठी रोवून ठेवा.

पहिल्या मे महिन्यात फूल आलं नाही तरी काळजी नको. तीन पानं वर आली, म्हणजे कंद रुजला.