माठ पाझरतो म्हणून

आमच्या पुंडलिकनगरात नळ रोज येत नाहीत. पैठणच्या नाथसागर जलाशयातून उपसलेलं पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन शहरात पोचतं. नळाच्या दिवशी ड्रम, हंडे भरतात आणि त्यातलंच पाणी गाळून माठात पडतं.

मे महिन्यात नवा माठ भरून ठेवला की थोड्या वेळात भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून त्याचं अंग ओलसर होतं. हात लावून पाहावं, तर आतलं पाणी अजून कोमट असतं, भिंत मात्र गार लागते. गारवा तयार होतो तो या ओल्या भिंतीवर, तिथल्या पाण्याची वाफ होताना. असं का, ते पाण्याच्या रेणूंकडे पाहिलं की कळतं.

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे हायड्रोजनची बाजू किंचित धनभारित होते आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरू पाहते. हा हायड्रोजन बंध. तो रेणूच्या आतल्या बंधाहून कितीतरी दुबळा असतो. द्रव पाण्यात तो सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात तुटतो, लगेच दुसरीकडे जुळतो. तरीही त्याचा एकत्रित जोर मोठा आहे. रचनेनं पाण्यासारखाच असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे 60 अंशांनाच उकळतो, पाण्याला मात्र 100 अंश लागतात.

वाफ होताना रेणूला सगळेच शेजारी सोडावे लागतात. त्यासाठीची ऊर्जा तो माठातून घेतो. 10 लिटरमधलं 100 मिली पाणी उडालं आणि बाहेरची उष्णता आत आली नाही, तर उरलेलं पाणी जवळपास 6 अंशांनी उतरेल.

फ्रीजरमध्ये उलटं घडतं. प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी पक्का जुळतो, मध्ये पोकळ जागा राहते, पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. म्हणून बर्फ तरंगतो आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. बर्फ वितळताना यातले थोडेच बंध सुटतात. त्याला ग्रॅममागे 80 कॅलरी पुरतात. तेच पाणी 30 अंशांना उडवायला सुमारे 580 लागतात. म्हणजे माठावरून उडणारा एक ग्रॅम सातपट उष्णता नेतो.

म्हणूनच माठाला छिद्रं बुजवणारा तैलरंग लावू नये, त्याला वाऱ्याच्या वाटेवर ठेवावं. मराठवाड्याची कोरडी हवा बाकीचं काम करते. दमट मुंबईत तोच माठ इतका गार होत नाही. नाथसागरावरूनही उन्हाळाभर असंच पाणी उडतं, ती आपली तूट. माठावरून उडालेल्या पाण्याचा मोबदला मात्र घरातच मिळतो.