सोलापूरचा पंप

सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आणि शेंगांची चटणी आठवते. हातपंप कुणाला आठवतो का?

१९६०च्या दशकातल्या दुष्काळांनंतर खेडोपाडी बोअर घेतले गेले. पण त्यांवरचे ओतीव लोखंडाचे पंप वरचेवर मोडत. १९७४ मध्ये युनिसेफला बहुसंख्य पंप बंद आढळले. पंप मोडला की बायका पुन्हा उघड्या विहिरीवर, आणि घरात जुलाब नाहीतर नारू! जुलाबात अंगातलं पाणी नि क्षार निघून जातात; तान्हं मूल बघता बघता हातचं जातं.

जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या लोकांनी दणकट पोलादी पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क-२’ तयार झाला आणि आफ्रिकेतही पोचला. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६चा. त्या यशात हातपंपांचाही वाटा आहे.

अर्थात पंपाशेजारी संडासाचा खड्डा असेल, घागरीत न धुतलेला हात बुडत असेल, तर चांगलं पाणीही नासतं. म्हणून गावच्या पाण्यासाठी देणगी देताना दोन प्रश्न जरूर विचारा: संडासाचं काय? आणि पंप बिघडला तर दुरुस्त कोण करणार?